सत्तेच्या उंबरठ्यावर थांबलेले आत्मचरित्र : यशवंतराव चव्हाण, 'कृष्णाकाठ' आणि स्वातंत्र्यसैनिकाचे उत्तरायुष्य

१. प्रश्नाचे स्वरूप

यशवंतराव चव्हाण यांचे 'कृष्णाकाठ' हे आत्मचरित्र १९८४ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी लेखकाचे वय सत्तरीच्या पुढे होते. द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, देशाचे संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र व्यवहार या खात्यांचे मंत्री, लोकसभेतील विरोधी पक्षनेते आणि काही काळ उपपंतप्रधान अशी सारी पदे त्यांनी भूषविलेली होती. वाचकाला अपेक्षा होती ती या कारकिर्दीच्या अंतरंगाची. प्रत्यक्षात 'कृष्णाकाठ' १९४६ साली संपते. कराडचा एक तरुण वकील आणि काँग्रेस कार्यकर्ता निवडून येतो, पार्लमेंटरी सेक्रेटरी म्हणून मुंबईस निघतो आणि येथे पुस्तकाचे अखेरचे पान येते. ज्या आयुष्यामुळे हे आत्मचरित्र वाचले गेले, ते आयुष्य त्या पुस्तकात नाही.

याचे सरळ स्पष्टीकरण उपलब्ध आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. आत्मचरित्राचे तीन खंड योजलेले होते. कृष्णाकाठानंतर मुंबईचा सागर आणि त्यानंतर दिल्लीची यमुना असा त्यांचा क्रम होता. परंतु जून १९८३ मध्ये पत्नी वेणूताई यांचे निधन झाले आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतरावही गेले. पुढील खंड लिहिले गेले नाहीत ते मृत्यूमुळे. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. स्वातंत्र्यलढ्यातून सत्तेवर आलेल्या पिढीची आत्मचरित्रे केवळ मराठीतच नव्हे, तर इतर भाषांतही वारंवार याच ठिकाणी का थांबतात? काहींना मृत्यूने थांबविले, काहींना कामाने, तर काहींनी स्वतःहून लेखणी खाली ठेवली. कारणे वेगवेगळी असली तरी थांबण्याची जागा एकच आहे. यशवंतरावांच्या जीवनपटाच्या आधारे या जागेचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. देवराष्ट्रे ते कराड : नावाचा शोध

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या आजोळच्या गावी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील बळवंतराव न्यायालयात बेलीफ होते. यशवंतराव लहान असतानाच प्लेगच्या साथीत त्यांचे निधन झाले. मागे राहिलेली आई विठाबाई आणि थोरले भाऊ ज्ञानोबा व गणपतराव यांच्या आधाराने त्यांचे शिक्षण झाले. विठाबाई निरक्षर होत्या. परंतु ओव्या आणि म्हणी यांचा मोठा साठा त्यांच्यापाशी होता. 'कृष्णाकाठ'च्या निवेदनात जी घरगुती, संयत लय आढळते तिचे मूळ या मौखिक परंपरेत आहे, असे मानण्यास जागा आहे.

मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात या प्रारंभाचे स्थान लक्षात घेतले पाहिजे. रमाबाई रानडे यांच्या आठवणी (१९१०), धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' (१९१५) आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' या परंपरेचा सामाजिक परिसर प्रामुख्याने उच्चवर्णीय व सुशिक्षित कुटुंबांचा होता. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) यांनी तो परिसर मुळापासून बदलला. 'कृष्णाकाठ' या दोहोंच्या मधल्या जागेत उभे आहे. ते ग्रामीण, गरीब, शेतकरी समाजातील मुलाचे आत्मकथन आहे. पण त्याचा सूर विद्रोहाचा नाही, कृतज्ञतेचा आहे. अभावाचे वर्णन त्यात आहे, अभावाविषयीचा संताप मात्र क्वचितच आहे. हा सूर स्वभावातून आलेला आहे आणि राज्यकर्त्याच्या दीर्घ अनुभवातूनही आलेला आहे. सत्तराव्या वर्षी मागे वळून पाहणाऱ्या माणसाने आपले बालपण समन्वयाच्या दृष्टीने मांडले आहे.

शाळेतील एक प्रसंग महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाला आहे. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षकांनी विद्यार्थ्यांना, तुम्ही कोण होणार, असे विचारले. इतर मुलांनी थोर पुरुषांची नावे लिहिली. यशवंताने स्वतःचेच नाव लिहिले. हा प्रसंग सामान्यतः आत्मविश्वासाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. आत्मचरित्राच्या दृष्टीने तो अधिक गुंतागुंतीचा आहे. चिठ्ठीवर नाव लिहिणारा मुलगा अद्याप कोणीच नव्हता. प्रसंग सांगणारा माणूस मात्र ते नाव होऊन गेलेला आहे. वाचकाला तो प्रसंग अर्थपूर्ण वाटतो तो नंतरच्या चाळीस वर्षांमुळे, आणि ती चाळीस वर्षे पुस्तकाबाहेर आहेत. सत्तेचे आयुष्य 'कृष्णाकाठ'मध्ये सांगितलेले नाही. पण प्रत्येक पानाच्या मागे ते उभे आहे.

कराडच्या त्या काळातील वातावरणात ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद तीव्र होता. गणपतराव सत्यशोधक विचारांकडे झुकलेले होते. दुसरीकडे राष्ट्रीय चळवळीचे आकर्षण वाढत होते. लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास यांनी ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी प्राण सोडला, तेव्हा त्या वार्तेने शाळकरी यशवंतरावांना हलवून सोडले. सातारा जिल्ह्यातील बहुजन समाजाचा मोठा भाग १९३० नंतर ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसकडे वळला. केशवराव जेधे यांचे नेतृत्व या स्थित्यंतराचे प्रतीक ठरले. यशवंतरावांचे तारुण्य नेमके या वळणावर घडले. त्यामुळे त्यांचा राष्ट्रवाद आरंभापासूनच दुहेरी होता. परकीय सत्तेपासून मुक्तता आणि गावातील जुन्या सत्तारचनेत बदल, या दोन्ही मागण्या त्यात एकत्र होत्या.

३. तुरुंग नावाचे विद्यापीठ

२६ जानेवारी १९३२ रोजी कराड येथे तिरंगा फडकविल्याबद्दल यशवंतरावांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळी ते शाळेतच शिकत होते. माफी मागितल्यास सुटका होऊ शकेल, अशी सूचना पुढे आली असता विठाबाईंनी ती मानली नाही. हा प्रसंग पुढे चरित्रकारांनी अनेकदा सांगितला आहे, आणि तो सांगण्यासारखाच आहे. निरक्षर, विधवा आणि मुलाच्या शिक्षणाकडे डोळे लावून बसलेल्या स्त्रीने हा निर्णय घेतला. मुलाच्या राजकीय आयुष्याचा नैतिक पाया येथे घरातच घातला गेला.

शिक्षेचा काळ येरवडा आणि विसापूर येथील तुरुंगांत गेला. येरवड्यात त्यांना आचार्य भागवत, ह. रा. महाजनी यांच्यासारख्या ज्येष्ठांचा सहवास लाभला. संस्कृत व इंग्रजी साहित्याचे वाचन, समाजवादावरील चर्चा, गांधी आणि मार्क्स यांच्यातील निवडीविषयीचे वाद यांमुळे तुरुंग त्यांच्यासाठी शाळेची पुढची इयत्ता ठरला. तेथून बाहेर आल्यावर ते मॅट्रिक झाले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९३८ साली पदवी आणि पुण्याच्या विधी महाविद्यालयातून १९४१ साली कायद्याची पदवी, असा त्यांचा पुढील शैक्षणिक प्रवास झाला. या काळात मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी त्यांना ओढून घेतले. पुढे महायुद्धाविषयीच्या भूमिकेवरून ते रॉय यांच्यापासून दूर झाले.

वसाहतकालीन भारतात तुरुंग हे आत्मचरित्राचे जन्मस्थान राहिले आहे. सावरकरांचे 'माझी जन्मठेप' (१९२७) हे अंदमानचे कथन आहे. जवाहरलाल नेहरूंनी आपले आत्मचरित्र जून १९३४ ते फेब्रुवारी १९३५ या अवधीत तुरुंगातच लिहिले. तुरुंग लेखकाला वेळ देतो, एकांत देतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नैतिक स्पष्टता देतो. भिंतीच्या आत कोण आहे आणि बाहेर कोण आहे, याविषयी तेथे संदिग्धता नसते. यशवंतरावांनी आपले आत्मचरित्र तुरुंगात लिहिले नाही. तरीही त्यांच्या पुस्तकाच्या मध्यभागी तुरुंग आहे आणि तेथेच त्यांचे निवेदन सर्वांत मोकळे होते.

४. बेचाळीस : कुटुंबाने मोजलेली किंमत

२ जून १९४२ रोजी फलटणच्या वेणूताईंशी यशवंतरावांचा विवाह झाला. दोन महिन्यांनी मुंबईच्या अधिवेशनात 'छोडो भारत'चा ठराव संमत झाला आणि यशवंतराव भूमिगत झाले. सातारा जिल्ह्यात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तहसील कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूज आणि इस्लामपूर येथील मोर्चांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यांत माणसे मारली गेली. नि:शस्त्र मोर्चांचा हा टप्पा संपल्यावर जिल्ह्यातील चळवळ भूमिगत संघटनेकडे वळली. तिच्यातूनच १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटील यांच्या नावाशी निगडित असलेले प्रतिसरकार उभे राहिले.

भूमिगताच्या कुटुंबाला या काळात मोठी किंमत द्यावी लागली. लग्नानंतरच्या पहिल्याच मकरसंक्रांतीस, जानेवारी १९४३ मध्ये, वेणूताईंना अटक झाली. गणपतरावांनाही तुरुंगवास घडला. थोरले बंधू ज्ञानोबा यांचे याच काळात शस्त्रक्रियेनंतर निधन झाले. वेणूताईंची प्रकृती खालावल्याने त्यांना भेटण्यास यशवंतराव फलटणला गेले आणि मे १९४३ मध्ये तेथेच पकडले गेले. पुढील काळ तुरुंगात गेल्याने प्रतिसरकारच्या प्रत्यक्ष कारभारात ते नव्हते.

'कृष्णाकाठ'मधील या भागाचे वैशिष्ट्य असे की, त्यात पराक्रमापेक्षा ऋणाची जाणीव अधिक आहे. आई, भाऊ, पत्नी, आश्रय देणारे खेड्यांतील लोक यांच्याशी आपले आयुष्य बांधलेले आहे, हे निवेदक पुन:पुन्हा सांगतो. येथे 'मी' हे सर्वनाम एकट्याचे नाही. चळवळीत घेतलेला प्रत्येक निर्णय कोणाच्या तरी आधारावर उभा आहे आणि निवेदक तो आधार नावानिशी सांगू शकतो. हे सांगण्यात कोणाचा विश्वासघात होत नाही, कोणाचे पद धोक्यात येत नाही. ज्या सत्तेविरुद्ध ही माणसे उभी होती ती सत्ता निघून गेलेली आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या आत्मकथनाला जी मोकळीक मिळते तिचे हे कारण आहे.

५. उंबरठ्यापलीकडे : तेच रस्ते, दुसरी बाजू

१९४६ च्या निवडणुकीत यशवंतराव मुंबई विधिमंडळावर निवडून आले आणि पार्लमेंटरी सेक्रेटरी झाले. १९५२ नंतर ते मंत्री झाले. १९५५-५६ मध्ये भाषावार प्रांतरचनेच्या प्रश्नावर महाराष्ट्र ढवळून निघाला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली, त्यांतील बहुतेक पोलिसांच्या गोळीबारात. त्या वेळी मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते आणि यशवंतराव त्यांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. पक्षशिस्त आणि नेहरूंचे नेतृत्व यांची बाजू घेतल्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली. महाराष्ट्रापेक्षा नेहरूंना मोठे मानणारा नेता, हा आक्षेप त्यांना दीर्घ काळ चिकटून राहिला. आचार्य अत्रे यांच्या 'मराठा'ने त्यांच्यावर सातत्याने शरसंधान केले.

येथे कालक्रमाकडे नीट पाहणे आवश्यक आहे. १९४२ मध्ये वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला तेव्हा यशवंतराव मोर्च्याच्या बाजूला होते. १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाला तेव्हा ते शासनाच्या बाजूला होते. दोन्ही घटनांत केवळ चौदा वर्षांचे अंतर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री झाले. १९५७ च्या निवडणुकीत कराडमधून ते थोड्या मतांनी निवडून आले. त्याच निवडणुकीत साताऱ्यातून नाना पाटील विरोधी बाजूने लोकसभेवर गेले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्या वेळी वाटेवर काळी निशाणे घेऊन उभे राहिलेल्यांत बेचाळीसचे जुने सहकारी होते. ज्या जिल्ह्याच्या वाटांनी यशवंतराव भूमिगत म्हणून फिरले होते, त्या वाटांवर आता बंदोबस्त त्यांच्या शासनाचा होता.

या काळातील त्यांच्या भूमिकेचे मूल्यमापन दोन प्रकारे झाले आहे. एका मतानुसार त्यांनी पदासाठी जनतेच्या मागणीकडे पाठ फिरविली. दुसऱ्या मतानुसार द्वैभाषिक राज्य संयमाने चालवून त्यांनी दिल्लीचे मन वळविले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राची निर्मिती शक्य केली. दोन्ही मतांना आधार आहे. चळवळीच्या दबावाशिवाय दिल्ली झुकली नसती, आणि राज्यकर्त्याच्या वाटाघाटींशिवाय त्या दबावाला घटनात्मक रूप मिळाले नसते. परंतु या दोन मतांपलीकडे असलेला प्रश्न वेगळा आहे. त्या चौदा वर्षांत एका माणसाच्या मनात काय घडले? याचे उत्तर देऊ शकणारा एकच साक्षीदार होता आणि त्याचे निवेदन १९४६ साली थांबते.

६. सत्तेत असताना लिहिलेले

यशवंतराव सत्तेत असताना लिहीत नव्हते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्यांचे लेखन विपुल आहे. मात्र त्याचे प्रकार बदलले. 'सह्याद्रीचे वारे' आणि 'युगांतर' ही पुस्तके भाषणांची आहेत. 'ऋणानुबंध' हे व्यक्ती व आठवणींवरील ललित लेखांचे पुस्तक आहे. परदेशांतून वेणूताईंना लिहिलेली पत्रे मृत्यूनंतर 'विदेश-दर्शन' या नावाने प्रसिद्ध झाली. चिनी आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये ते संरक्षणमंत्री झाले. १९६५ च्या भारत-पाक युद्धाच्या दिवसांत त्यांनी दैनंदिनी लिहिली. त्यांचे तेव्हाचे खाजगी सचिव राम प्रधान यांनी ती संपादित केली आणि २००७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केली.

या चार प्रकारांची तुलना उद्बोधक आहे. भाषण सार्वजनिक असते आणि त्याला पदाची मर्यादा असते. ललित लेखात आठवण सांगता येते, पण निर्णय टाळता येतो. पत्नीला लिहिलेल्या पत्रात मोकळेपणा असतो, कारण वाचक एकच असतो. दैनंदिनीत घटना ताजी असते, पण तिचा अर्थ लावण्यास वेळ मिळालेला नसतो. आत्मचरित्र या सर्वांहून निराळी मागणी करते. घडलेल्या गोष्टींची एक सलग कथा करावी आणि त्या कथेची जबाबदारी स्वतःच्या नावाने घ्यावी, असे ते मागते. मंत्रिपदाची गोपनीयतेची शपथ, हयात असलेले सहकारी, सामूहिक जबाबदारीचे तत्त्व आणि पक्षाचे हित यांमुळे ही मागणी पुरी करणे कठीण होते. चळवळीत निर्णय एकट्याचा असला तरी सांगण्याचा अधिकार असतो. मंत्रिमंडळात निर्णय सर्वांचा असतो आणि सांगण्याचा अधिकार कोणाचाच नसतो.

साहित्य आणि सत्ता यांच्या संबंधांतही हीच कोंडी दिसते. मुख्यमंत्री असताना यशवंतरावांनी १९६० साली साहित्य संस्कृती मंडळाची स्थापना केली आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना त्याचे अध्यक्षपद दिले. मराठी विश्वकोशाचा प्रकल्प त्यातूनच उभा राहिला. साहित्यावर मनापासून प्रेम करणारा राज्यकर्ता ही त्यांची प्रतिमा खरी आहे. परंतु डिसेंबर १९७५ मध्ये त्यांच्याच कराडला मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा देशात आणीबाणी होती. अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी विचारस्वातंत्र्यावरील बंधनांविरुद्ध निर्भयपणे भूमिका मांडली. संमेलनाचे स्वागताध्यक्ष यशवंतराव होते आणि आणीबाणी लागू करणाऱ्या केंद्र शासनात ते परराष्ट्रमंत्री होते. पुढील वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. ज्या गावात १९३२ साली झेंडा फडकविल्याबद्दल एका विद्यार्थ्याला कैद झाली, त्याच गावात त्रेचाळीस वर्षांनी हा प्रसंग घडला. यशवंतरावांनी तिसरा खंड लिहिला असता तर या दिवसाविषयी काय लिहिले असते, हा प्रश्न वाचकाच्या मनात राहणे स्वाभाविक आहे. तो प्रश्न दोषारोपाचा नाही. स्वातंत्र्यलढ्याने घडविलेल्या एका संपूर्ण पिढीला तो लागू आहे.

७. तुलनेच्या प्रकाशात

भारतीय भाषांतील काही उदाहरणे शेजारी ठेवली की 'कृष्णाकाठ'चा थांबा एकाकी वाटत नाही. गांधीजींची आत्मकथा गुजरातीत १९२५ ते १९२९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. पण ती १९२० च्या नागपूर अधिवेशनापाशी येऊन थांबते. यापुढील आपले आयुष्य सार्वजनिक आहे आणि त्यातील व्यक्ती हयात व सहकारी आहेत, हे कारण त्यांनीच सूचित केले आहे. नेहरूंचे आत्मचरित्र १९३६ साली प्रसिद्ध झाले. पंतप्रधानपदाच्या सतरा वर्षांची त्यांची कथा मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पाक्षिक पत्रांतून शोधावी लागते. राजेंद्रप्रसाद यांची हिंदी 'आत्मकथा' स्वातंत्र्याच्या सुमारास संपते. राष्ट्रपतिपद तिच्यात नाही. मौलाना आझाद यांनी शिक्षणमंत्री असतानाच आपले इंग्रजी पुस्तक हुमायून कबीर यांना सांगितले आणि १९५९ साली ते मरणोत्तर निघाले. परंतु त्याची कथा सत्तांतर आणि फाळणी यांच्यापाशीच थांबते. त्यातूनही काही पृष्ठे तीस वर्षे मोहोरबंद ठेवली गेली.

भारताबाहेरही हा आकृतिबंध आढळतो. क्वामे एन्क्रुमा यांचे आत्मचरित्र घानाच्या स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९५७ मध्ये, प्रसिद्ध झाले. स्वातंत्र्य हेच त्या कथेचे शिखर आहे. नेल्सन मंडेला यांनी रॉबेन बेटावरील तुरुंगात गुपचूप लिहावयास घेतलेले आत्मचरित्र १९९४ साली प्रसिद्ध झाले. ते राष्ट्राध्यक्षपदाच्या आरंभापाशी संपते. अध्यक्षपदाच्या वर्षांवरील दुसरे पुस्तक त्यांनी १९९८ मध्ये स्वहस्ते सुरू केले. पण काही प्रकरणांनंतर ते अपुरे राहिले आणि मांडला लांगा यांनी पूर्ण केलेल्या रूपात ते २०१७ साली, म्हणजे मंडेलांच्या मृत्यूनंतर, वाचकांपुढे आले. तुरुंगात, पहाऱ्याखाली, कागद लपवून लिहिता आलेले आत्मकथन अध्यक्षांच्या निवासस्थानी पूर्ण होऊ शकले नाही. यावरून असे म्हणता येईल की, अडचण वेळेची किंवा सवडीची जितकी आहे, तितकीच कथनाच्या स्वरूपाचीही आहे.

या मांडणीला अपवाद आहेत आणि ते विचारात घेतले पाहिजेत. काकासाहेब गाडगीळ यांचे 'पथिक' केंद्रीय मंत्रिमंडळातील अनुभवांविषयी बोलते. मोरारजी देसाई यांनी आपल्या सत्तेच्या काळाविषयी तपशिलाने लिहिले. मात्र मोरारजींच्या लेखनात आत्मनिवेदनाचे रूपांतर बव्हंशी आत्मसमर्थनात होते. निर्णय बरोबर कसा होता हे सांगण्यात कथा खर्ची पडते. एस. एम. जोशी यांचे 'मी एस. एम.' हे उदाहरण अधिक बोलके आहे. ते 'कृष्णाकाठ'च्याच सुमारास प्रसिद्ध झाले. दोघेही एकाच चळवळीतून आले आणि दोघांनीही तुरुंगवास भोगला. १९५६ मध्ये मात्र एस. एम. संयुक्त महाराष्ट्र समितीचे नेते होते आणि यशवंतराव मुख्यमंत्री. एस. एम. यांचे आत्मकथन स्वातंत्र्यानंतरही अखंड चालू राहते. विरोधात राहिलेल्या माणसाला आपली कथा मध्येच तोडावी लागत नाही, कारण त्याची बाजू बदललेली नसते.

आणखी एक साम्य नोंदविण्यासारखे आहे. यशवंतरावांचे कडवे टीकाकार आचार्य अत्रे यांच्या अनेक खंडांतील आत्मचरित्राचे नाव 'कऱ्हेचे पाणी' आहे. दोन प्रतिस्पर्ध्यांनी आपल्या आयुष्याला जन्मभूमीच्या नद्यांची नावे दिली. मराठी मनात नदी ही वाहून पुढे जाणारी असते, तशीच ती काठावर बांधून ठेवणारीही असते. अत्र्यांचा भर पाण्यावर आहे, यशवंतरावांचा काठावर. काठ ही स्थिर जागा आहे. तेथे उभे राहून माणूस पाहतो आणि तेथून निघूनही जातो. दिल्लीत दोन दशके काढलेल्या माणसाने आत्मकथनासाठी प्रथम हा काठ निवडला, यात त्याची आत्मप्रतिमा व्यक्त झाली आहे. आपण मूलतः कोण होतो, या प्रश्नाचे उत्तर त्याला १९४६ च्या आधीच्या आयुष्यात सापडले.

८. समारोप

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने या थांब्याकडे कसे पाहावे? एक मार्ग संशयाचा आहे. न लिहिलेले ते लपविलेले, असे त्यात मानले जाते. यशवंतरावांच्या बाबतीत तो अन्यायाचा होईल. त्यांनी पुढील खंडांची योजना केली होती आणि मृत्यूने ती हाणून पाडली. दुसरा मार्ग भक्तीचा आहे. लढ्याची कथा संपूर्ण आयुष्याची कथा मानून उत्तरायुष्य तिच्या प्रकाशात उजळून घ्यावयाचे. महाराष्ट्रातील गौरवग्रंथांनी बहुधा हा मार्ग पत्करला आहे, आणि त्यामुळे १९५६ व १९७५ ही वर्षे झाकली जातात. दोन्ही मार्गांत एक चूक समान आहे. आत्मचरित्र हे संपूर्ण आयुष्याचा हिशोब देईल, ही अपेक्षा दोहोंच्या मुळाशी आहे.

वस्तुतः वसाहतविरोधी लढ्याने आत्मचरित्राला जे रूप दिले त्याचा शेवट त्या रूपातच ठरलेला होता. अन्यायी सत्तेपुढे उभा राहिलेला माणूस हा त्याचा नायक होता. तो माणूस स्वतः सत्तेत गेल्यावर त्याला नवे कथारूप हवे होते. चूक, तडजोड, विलंब आणि सहकाऱ्यांशी झालेली ताटातूट यांना जागा देणारे रूप. ते रूप भारतीय भाषांत फारसे घडले नाही. त्यामुळे स्वातंत्र्योत्तर काळातील सर्वांत कठीण नैतिक अनुभव, म्हणजे कालच्या सत्याग्रहीने आज आदेश देण्याचा अनुभव, आपल्या साहित्यात स्वतःच्या आवाजात जवळजवळ आलेलाच नाही. तो कागदपत्रांत, विधिमंडळाच्या कामकाजात, पत्रांत, दैनंदिनीत आणि विरोधकांच्या वृत्तपत्रांत विखुरलेला आहे. 'कृष्णाकाठ' वाचताना 'विदेश-दर्शन', १९६५ ची दैनंदिनी, 'मी एस. एम.' आणि 'मराठा'ची जुनी पाने शेजारी ठेवून वाचणे, ही या अभावाची काहीशी भरपाई ठरू शकेल.

यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह कराड येथील वेणूताई चव्हाण स्मारकात जतन केलेला आहे. वाचणारा राज्यकर्ता कोणत्या पुस्तकांच्या सोबतीने जगला, हे तेथे पाहावयास मिळते. त्यातही शेवटी उत्तर सापडत नाही. पण प्रश्न अधिक नेमका होतो. कराडहून मुंबईस निघालेल्या तेहतीस वर्षांच्या तरुणाला पुढे काय येणार आहे हे ठाऊक नव्हते. त्याची कथा लिहिणाऱ्या वृद्धाला ते सर्व ठाऊक होते. त्या दोघांमधले अडतीस वर्षांचे अंतर 'कृष्णाकाठ'ने ओलांडलेले नाही. ते अंतर वाचकाच्या स्वाधीन झाले आहे, आणि मराठीतील राजकीय आत्मचरित्राच्या अभ्यासाला आरंभ तेथूनच करावा लागेल.